कंपाइलरला कंपाइलर का म्हणतात? वह्यांमधून कोड उतरवून वैतागलेल्या गणिताच्या बाईंची गोष्ट

२०२३ साली उस्मानाबादचं अधिकृत नाव धाराशिव झालं. सरकारी कागदावर नाव एकदाच बदललं, पण त्यानंतर ऑनलाइन फॉर्म भरायला बसलेल्या माणसाला एका वेबसाइटवर आपला जिल्हा ‘ओ’ अक्षराखाली सापडायचा आणि दुसऱ्या वेबसाइटवर ‘डी’ अक्षराखाली. गाडीचा नंबर मात्र तोच, एमएच २५. असं का व्हायचं? कारण जिल्ह्यांच्या यादीची प्रत्येकाने आपापली कॉपी करून ठेवलेली होती. एकाने ती बदलली, दुसऱ्याची राहून गेली.

हीच भानगड कॉम्प्युटरच्या पोटात रोज होत असते.

समजा, धाराशिवमध्ये इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एखाद्या पोराने सी भाषेत प्रोग्राम लिहिला. कंपाइल केला, व्यवस्थित चालला. मग त्याने कोडमधल्या चुका हुडकून देणारं एक टूल डाउनलोड केलं आणि तोच प्रोग्राम त्या टूलला वाचायला दिला. टूलने सुरुवातीलाच हात वर केले. म्हणे, एसटीडीडेफ नावाची हेडर फाइल सापडत नाही. पोरगं चक्रावतं. जी फाइल पाच मिनिटांपूर्वी कंपाइलरला सापडली, ती या टूलला का सापडू नये?

उत्तर पुढे येईलच. पण ही कटकट आजची नाही. कंपाइलर जन्मालाच आला तो या कटकटीतून. आणि तो जन्माला घालणाऱ्या बाई होत्या ग्रेस हॉपर.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. माहेरचं आडनाव मरे. सात वर्षांची असताना तिला गजराच्या घड्याळात आत काय चालतं ते बघायचं होतं. तिने एक घड्याळ खोललं, ते पुन्हा जुळेना. ते कसं जुळवायचं हे बघायला दुसरं खोललं. असं करत घरातली सात घड्याळं सुटी झाली तेव्हा आईच्या लक्षात आलं. आपल्याकडे अशा वेळी पाठीत धपाटा बसला असता. तिच्या आईने इथून पुढे एकाच घड्याळाशी खेळायचं, असा नियम घातला.

१९२८ साली व्हासार कॉलेजातून तिने गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी घेतली. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. मधल्या काळात व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि व्हासारमध्येच शिकवायची नोकरीही लागली. म्हणजे वयाच्या पस्तिशीला आल्या तेव्हा त्या गणिताच्या प्राध्यापक होत्या, विद्यार्थ्यांना शिकवत होत्या, आणि इथून पुढचं आयुष्य असंच सरळ जाणार असं कुणालाही वाटलं असतं.

मग पर्ल हार्बर झालं आणि अमेरिका युद्धात उतरली.

ग्रेसबाईंनी नौदलात जायचं ठरवलं. पण त्यांचं वय जास्त भरत होतं आणि वजन कमी. किमान वजनापेक्षा त्या जवळपास सात किलोने हलक्या होत्या. तरी खटपट करून त्यांनी सवलत मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या. वाटलं होतं, आता बोटीशी संबंध येईल. पण जुलै १९४४ मध्ये त्यांची रवानगी झाली ती हार्वर्ड विद्यापीठात, मार्क वन नावाच्या यंत्रापुढे.

हे यंत्र ५१ फूट लांब आणि आठ फूट उंच होतं, वजन साधारण पाच टन. एका सेकंदाला तीन बेरजा करायचं. तुमच्या हातातल्या मोबाइलला हे ऐकून हसू येईल, पण त्या वेळी तोफांचे तक्ते हाताने मांडणाऱ्यांसाठी ती चैन होती. यंत्राला काय करायचं ते कागदी पट्टीला भोकं पाडून सांगावं लागायचं. प्रमुख होते हॉवर्ड एकन, कडक माणूस. त्यांनी ग्रेसबाईंना यंत्राचं मॅन्युअलही लिहायला लावलं. ते १९४६ मध्ये छापून आलं, पाचशेहून जास्त पानांचं. कॉम्प्युटरवरचं एवढं तपशीलवार लिखाण तोवर क्वचितच कुणी केलं होतं.

१९४४ मध्येच जॉन फॉन नॉयमन एक गणित घेऊन हार्वर्डला आले. ते कशाचं आहे हे तिथल्या प्रोग्रामरांना सांगितलं नव्हतं. ते अणुबॉम्बच्या कामाचं होतं, हे नंतर कळलं.

मार्क वनवर काम करताना ग्रेसबाई आणि त्यांचे सहकारी रिचर्ड ब्लॉक व रॉबर्ट कॅम्पबेल यांनी एक सवय लावून घेतली. एखादं गणित यंत्राकडून बरोबर सुटलं की त्या कोडचा तुकडा वहीत उतरवून ठेवायचा. पुढच्या वेळी तसाच भाग लागला की एकमेकांच्या वह्या मागायच्या आणि तिथून तो तुकडा नव्या प्रोग्राममध्ये उतरवून घ्यायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर नोट्स फिरतात, तसंच. कोडच्या लायब्ररीची ही कच्ची सुरुवात होती.

याच हार्वर्डमध्ये ९ सप्टेंबर १९४७ ला मार्क टू या पुढच्या यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला आणि तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावला गेला. त्यावरून बग हा शब्द ग्रेसबाईंनी शोधला अशी पोस्ट दर काही महिन्यांनी व्हायरल होते. ते खरं नाही. बिघाडाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासून होती आणि पतंग सापडला तो दुसऱ्यांना. बाई ती गोष्ट रंगवून सांगायच्या, एवढंच. त्यांचं खरं काम पुढे आहे आणि ते या किड्यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

युद्ध संपलं तेव्हा मात्र आयुष्य विस्कटलं होतं. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. मुख्य नौदलात कायम व्हायचं होतं, तर वय आडवं आलं, म्हणून त्या राखीव दलातच राहिल्या. हार्वर्डमधली तीन वर्षांची नेमणूक १९४९ मध्ये संपली आणि पुढे जागा नव्हती. या काळात दारू वाढली, जवळच्या लोकांना काळजी वाटावी इतकी वाढली. चरित्रकारांनी हे लपवलेलं नाही. चाळिशी ओलांडलेली, एकटी, हातात कायमची नोकरी नाही. अशा अवस्थेत त्यांनी फिलाडेल्फियातल्या एका नव्या, कधीही बुडेल अशा कंपनीत नोकरी धरली. एकर्ट आणि मॉकली या दोघांची ती कंपनी युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर बनवत होती. पुढच्याच वर्षी ती रेमिंग्टन रँडने विकत घेतली.

इथे वह्यांचा प्रश्न नव्याने उभा राहिला, कारण आता प्रोग्राम मोठे व्हायला लागले होते.

ग्रेसबाईंच्या लक्षात दोन गोष्टी आल्या. पहिली, वहीतला प्रत्येक तुकडा ओळ क्रमांक शून्यपासून लिहिलेला असायचा. तो नव्या प्रोग्राममध्ये समजा तीनशेव्या ओळीवर बसवायचा, तर त्यातल्या प्रत्येक पत्त्यात तीनशे मिळवावे लागायचे. आणि गणितात डॉक्टरेट केलेली माणसंसुद्धा साध्या बेरजेत चुकायची. दुसरी गोष्ट, उतरवताना हमखास गफलत व्हायची. चारचा आकडा घाईत त्रिकोणासारखा दिसायचा आणि तो त्रिकोण म्हणजे युनिव्हॅकमध्ये मोकळी जागा. इंग्रजी ‘बी’ अक्षराचा तेराचा आकडा व्हायचा. तुकडा मूळ वहीत शंभर टक्के बरोबर, उतरवला की चुकीचा.

आता बघा, उतरवणं आणि बेरीज करणं, या दोन्ही गोष्टी न कंटाळता, न चुकता करणारं यंत्र समोरच उभं होतं. मग हे काम माणसाने का करायचं?

ऑक्टोबर १९५१ ते मे १९५२ या काळात त्यांनी ए-झिरो तयार केला. कल्पना अशी: तपासून पक्के केलेले सगळे तुकडे एका चुंबकीय टेपवर ठेवायचे आणि प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा. प्रोग्रामरने फक्त क्रमांकांची यादी आणि कोणत्या आकड्यांवर काम करायचं ते लिहायचं. ए-झिरो टेपवरून ते तुकडे शोधणार, ओळीने लावणार, पत्ते दुरुस्त करणार आणि चालवायला तयार असा प्रोग्राम देणार.

म्हणजे हा भाषांतर करणारा नव्हता, गोळा करणारा होता. लायब्ररीतून निवडक मजकूर काढून संग्रह करणाऱ्याला इंग्रजीत जो शब्द आहे तोच बाईंनी उचलला, कंपाइलर. मराठीत पारिभाषिक शब्द आहे संकलक. ऐकायला बोजड वाटतो, पण बाईंच्या डोक्यात जे होतं ते नेमकं तेच. आज आपण कंपाइलर म्हणजे भाषांतर समजतो. ए-झिरोचं काम आजच्या भाषेत लिंकर आणि लोडरच्या जवळ जातं, आणि त्यावरून पहिला कंपाइलर कुणाचा असा वाद तज्ज्ञ घालतातही. पण नाव तिथूनच आलं.

त्यात एक अडचण होती. टेप पुढेच जाणार, आणि प्रोग्राममध्ये कधी कधी अजून न आलेल्या भागाकडे उडी मारायची असते. तो भाग कुठे बसणार हेच माहीत नाही, तर पत्ता लिहायचा कसा? बाईंना कॉलेजातलं बास्केटबॉल आठवलं. तेव्हा मुलींच्या नियमात चेंडू फार वेळ टप्पे मारत नेता यायचा नाही. मग चेंडू मैत्रिणीकडे टाकायचा, आपण बास्केटखाली पळायचं आणि तिथे परत घ्यायचा. त्यांनी मेमरीच्या शेवटी एक मोकळा कोपरा राखला. उडी आधी त्या कोपऱ्याकडे टाकून द्यायची. पुढचा भाग आला की कोपऱ्यात त्याचा खरा पत्ता लिहायचा. झालं काम!

मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. लोकांनी दुर्लक्ष केलं. कॉम्प्युटर आकडेमोड करतो, तो प्रोग्राम लिहू शकत नाही, असं शहाण्या माणसांचं ठाम मत होतं. चालू स्थितीतला कंपाइलर हातात असून कुणी त्याला हात लावेना. बाई थांबल्या नाहीत. १९५३ मध्ये ए-टू आला. तो गिऱ्हाइकांना मूळ कोडसकट दिला आणि सुधारणा सुचवा म्हणून सांगितलं. आज ज्याला ओपन सोर्स म्हणतात त्याच्याशी याचं नातं लोक जोडतात, ते उगाच नाही.

पुढची पायरी म्हणजे आकड्यांऐवजी साध्या इंग्रजी शब्दांत प्रोग्राम लिहिणं. त्यासाठी फ्लो-मॅटिक भाषा झाली. साहेबांना दाखवताना बाईंनी तोच छोटा प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. हेतू एवढाच की यंत्राला भाषेशी देणंघेणं नसतं, शब्दाजागी शब्द ठेवला की झालं. साहेब लोक हबकले. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकन यंत्राला फ्रेंच कसं कळेल, यावरच गाडी अडकली! बाईंना पुढे इंग्रजीपुरतंच बोलावं लागलं. प्रोग्रामिंग मराठीत का नाही असं विचारणाऱ्यांनी हा किस्सा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये बैठक झाली आणि सगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर चालेल अशी एक व्यवहाराची भाषा करायचं ठरलं. ती भाषा म्हणजे कोबोल. बाईंना तिची आई म्हणतात, पण भाषा प्रत्यक्ष लिहिणाऱ्या समितीत त्या नव्हत्या. सल्लागार होत्या. मात्र कोबोलचा पाया बराचसा फ्लो-मॅटिकचा. डिसेंबर १९६० मध्ये जवळपास एकच कोबोल प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला. त्याच वर्षी मुंबईत टीआयएफआरमध्ये टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा कॉम्प्युटर रीतसर सुरू झाला.

कोबोलमध्ये कॉपी नावाची एक सोय आहे. खातेदाराच्या नोंदीत नाव किती अक्षरांचं, रक्कम किती आकडी, हे वर्णन एकाच फाइलमध्ये ठेवायचं आणि शंभर प्रोग्रामनी ते तिथून ओढून घ्यायचं. १९७० च्या दशकात सी भाषेत तीच गोष्ट इन्क्लूड म्हणून आली आणि ओढून घ्यायच्या फाइलला हेडर म्हणू लागले. हेडर म्हणजे हॉटेलचं मेन्यूकार्ड. काय मिळतं आणि काय द्यावं लागतं एवढंच त्यात असतं, कृती किचनमध्ये.

वहीतून उतरवायची चूक संपली. पण नवी चूक सुरू झाली: हेडर बदललं आणि ते वापरणारा एखादा भाग नव्याने कंपाइल करायचा राहिला तर? १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ अशाच घोळात गेली. दुरुस्ती केलेली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. त्यांचा वैताग ऐकून सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक हे टूल लिहिलं, जे कोणती फाइल कशावर अवलंबून आहे याचा हिशेब ठेवतं. आणि गंमत म्हणजे सी कोड न चालवता त्यातल्या चुका हुडकणारं लिंट हे सुरुवातीचं प्रसिद्ध टूल त्याच जॉन्सन यांचं.

आता त्या धाराशिवच्या पोराकडे येऊ. कोड तपासणाऱ्या टूललाही प्रोग्राम कंपाइलरसारखाच वाचावा लागतो, म्हणजे हेडरही सगळी लागतात. त्यातली काही सिस्टिमची असतात. पण एसटीडीडेफसारखी काही हेडर खुद्द कंपाइलर सोबत आणतो, आपल्या व्हर्जनच्या फोल्डरमध्ये. क्लँग या कंपाइलरवर बेतलेली टूल्स हे फोल्डर स्वतः जिथे ठेवली आहेत तिथून मोजून शोधतात. पोराने टूल उचलून डाउनलोडच्या फोल्डरमधून चालवलं, तर शेजारी ते फोल्डर नसतंच. मग काही जण दुसऱ्याच कंपाइलरचं फोल्डर दाखवून मोकळे होतात. हे जास्त वाईट, कारण त्या हेडरमधल्या खुणा फक्त त्या कंपाइलरला कळतात आणि चुकांची अशी रांग लागते की मूळ कोडवरच संशय येतो. बरोबर उपाय साधा आहे. टूल ज्या व्हर्जनच्या क्लँगवर बनलंय त्याच व्हर्जनची हेडर त्याच्या शेजारी ठेवायची किंवा त्यांचा रस्ता सांगायचा, आणि प्रोजेक्ट कोणत्या सूचनांनी कंपाइल होतो ती यादी टूलला द्यायची.

महाराष्ट्रात या विषयावर बरंच काम झालंय. पुण्यात टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र १९८१ पासून आहे. तिथे जुना कोड वाचणारी, तपासणारी, दुसऱ्या भाषेत नेणारी टूल्स बनली. पवईच्या आयआयटीत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी कंपाइलरच्या अभ्यासाचं केंद्र उभं राहिलं. अशा कामात हेडर आणि कॉपीच्या फाइल जमवणं हा भाग बाहेरून किरकोळ दिसतो, पण एक फाइल हरवली की पुढचं विश्लेषण अंदाजपंचे होतं.

बाईंच्या वाट्यालाही शेवटी हेच काम आलं. १९६६ च्या अखेरीला नौदलाने वयामुळे त्यांना निवृत्त केलं. सात महिन्यांत परत बोलावलं, सहा महिन्यांसाठी म्हणून. कारण प्रत्येक कंपनीचा कोबोल कंपाइलर थोडा थोडा वेगळा वागत होता आणि एका यंत्रावरचा प्रोग्राम दुसऱ्यावर अडत होता. बाईंच्या गटाने कंपाइलरचीच परीक्षा घेणारे प्रोग्राम लिहिले. पास झाला तर तो खरा कोबोल. ही पद्धत पुढे अमेरिकी सरकारने उचलली आणि कंपन्यांना निमूटपणे प्रमाण पाळावं लागलं. ते सहा महिने जवळपास एकोणीस वर्षं चालले.

१९८३ मध्ये टीव्हीवर त्यांची मुलाखत गाजली, त्यातून बढती मिळाली, १९८५ मध्ये त्या रिअर अॅडमिरल झाल्या. भाषणात त्या साधारण ३० सेंटीमीटरच्या तारेचे तुकडे वाटायच्या. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापते, हे अधिकाऱ्यांना हातात धरून कळावं म्हणून. ऑफिसातलं घड्याळ उलटं फिरायचं. पूर्वीपासून असंच करतोय म्हणणाऱ्यांसाठी ते होतं. ऑगस्ट १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, बोस्टनला यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या शिडाच्या युद्धनौकेवर त्यांचा निरोप झाला. त्यानंतर घरी बसल्या का? नाही. डेक या कॉम्प्युटर कंपनीत सल्लागार म्हणून गेल्या.

त्यांची एक इच्छा होती. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्रीपर्यंत जगायचं, पार्टी बघायची आणि कॉम्प्युटरला हे जमणार नाही म्हणणाऱ्यांकडे एकदा वळून पाहायचं. ते झालं नाही. १ जानेवारी १९९२ ला झोपेतच त्या गेल्या. आठ वर्षांनी ती रात्र आली तेव्हा पुण्या-मुंबईतले कितीतरी प्रोग्रामर घरी नव्हते. वर्षाला दोनच आकडी जागा ठेवलेला जुना कोबोल कोड महिनोन्‌महिने चाळून, फाइलमागे फाइल शोधून त्यांनी दुरुस्त केला होता, आणि बारा वाजल्यावर तो नीट चालतो का हे बघत ते ऑफिसात बसून होते.